सायन्सचे टॉक्स ऐकायचेत, पण कुठले आणि किती खरे मानायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माणसाचा स्वभाव, फिजिक्स आणि मन, ह्या तीन विषयांवरचे टॉक्स मी बरीच वर्षं ऐकतेय आणि ओळखीपाळखीत सगळ्यांना पाठवतही असते, त्यामुळे प्रश्न माझ्याकडेच येतात आणि ते बहुतेक तेच तेच असतात. कुठून सुरू करू, मराठीत काही आहे का, अमक्याने स्टेजवर सांगितलं ते खरंय का. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतेय. काही उत्तरं बरीच लांबलीत, तिथे सांगण्यासारखं आहेच तेवढं.

प्रश्न: दहावीनंतर सायन्स सोडलं. मला हे झेपेल का?

झेपेल. हे टॉक्स मुळात सायन्सबाहेरच्या माणसांसाठीच असतात. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळात मुलांसाठी व्याख्यानं होतात, दुसऱ्या महायुद्धातली काही वर्षं सोडली तर आजपर्यंत चालू आहेत. तिथे मायकेल फॅरेडेने नुसती मेणबत्ती समोर ठेवून ज्योत म्हणजे काय, वितळलेलं मेण वातीतून वर कसं चढतं, जळताना पाणी कसं तयार होतं, आपला श्वास आणि ज्योत ह्यात सारखं काय, हे सगळं प्रयोग करून दाखवलं होतं. आणि हा फॅरेडे स्वतः कोण, तर बुकबाइंडरकडे उमेदवारी करणारा पोरगा, शाळा जेमतेम झालेली. १८१२ मध्ये एका गिऱ्हाईकाने तिकिटं दिली म्हणून तिथल्या नावाजलेल्या केमिस्टची, हम्फ्री डेव्हीची, व्याख्यानं ऐकायला गेला, भरपूर नोट्स काढल्या, त्या स्वतःच बाइंड करून डेव्हीला पाठवल्या आणि पुढच्या वर्षी त्याच संस्थेत असिस्टंट म्हणून लागला. आजची विजेची मोटर आणि जनरेटर ज्याच्या प्रयोगांवर उभे आहेत त्या माणसाला सायन्समध्ये आणलं ते पब्लिक लेक्चरने.

आपल्याकडेही हे नवीन नाही बरं का. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, म्हणजे उन्हाळ्याच्या संध्याकाळी जाऊन कोणाचं तरी तासभर मन लावून ऐकायचं ही सवय आपल्यात दीडशे वर्षं मुरलेली आहे.

प्रश्न: सुरुवात करायला तीनच नावं सांग.

स्वभावासाठी रॉबर्ट सापोल्स्की. स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीत त्याने २०१० मध्ये मानवी वर्तनाच्या जीवशास्त्राचा कोर्स शिकवला, तो सगळा, पंचवीसच्या पंचवीस लेक्चर्स, यूट्यूबवर फुकट आहे. हा माणूस वर्षानुवर्षं केनियात बबून माकडांच्या कळपांमागे राहून त्यांच्या रक्तातले स्ट्रेसचे हार्मोन्स मोजायचा, त्यामुळे तो बोलतो ते नुसतं पुस्तकी नसतं. त्याची पद्धत मला फार आवडते. समजा एकाने दुसऱ्याच्या कानाखाली वाजवली, तर का वाजवली ह्याचं उत्तर तो मागे मागे जात देतो, एक सेकंद आधी मेंदूत काय झालं, त्याच्या आधी काय दिसलं काय ऐकू आलं, त्या दिवशी हार्मोन्स कसे होते, बालपण कसं गेलं, आईच्या पोटात असताना काय झालं, जीन्स कुठले, आणि शेवटी लाखो वर्षांच्या उत्क्रांतीत हे असं वागणं का टिकलं. कुठल्याही एकाच उत्तरावर थांबू नका हे तो पहिल्याच लेक्चरला सांगून टाकतो. पूर्ण कोर्स ऐकला की 'तो मुळातच तसला आहे' हे वाक्य सहज तोंडातून निघत नाही.

फिजिक्ससाठी रिचर्ड फाइनमन. १९६४ मध्ये कॉर्नेल युनिव्हर्सिटीत त्याने सात व्याख्यानं दिली आणि बीबीसीने ती शूट केली. ब्लॅक अँड व्हाइट, फळा, खडू आणि तो. ग्रॅव्हिटीपासून सुरू करतो आणि क्वांटमपर्यंत येतो. शेवटच्या व्याख्यानात निसर्गाचा नवा नियम शोधतात कसा हे सांगतो: आधी अंदाज करायचा, तो खरा असेल तर काय काय दिसायला पाहिजे ते गणिताने काढायचं, मग प्रयोगाशी ताडून बघायचं, आणि नाही जुळलं तर अंदाज चूक. मग अंदाज कितीही सुंदर असो आणि तो करणारा कितीही हुशार असो. हे लक्षात ठेवा, खालच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात हेच कामाला येणार आहे.

मनासाठी विलयनूर रामचंद्रन. तमिळनाडूत जन्मलेला, चेन्नईत डॉक्टरी शिकलेला आणि नंतर सॅन दिएगोत काम केलेला न्यूरॉलॉजिस्ट. त्याचा २००७ चा टेड टॉक ऐका (टेड म्हणजे छोट्या भाषणांच्या परिषदा भरवणारी अमेरिकेतली संस्था). ॲक्सिडेंटमध्ये हात गेलेल्या काही पेशंट्सना तो हात अजून आहे असंच वाटत राहतं, आणि तो दुखतो, मूठ घट्ट आवळलेली आणि सोडवता येत नाही, कारण सोडवायला हातच नाही. रामचंद्रनने काय केलं तर खोक्यात एक आरसा उभा लावला, धडधाकट हात असा ठेवायला सांगितला की त्याचं प्रतिबिंब नसलेल्या हाताच्या जागी दिसेल, आणि मग तो हात हलवायला लावला. काही पेशंट्सना पहिल्यांदाच आवळलेली मूठ सुटल्यासारखं वाटलं. सगळ्यांना ह्याचा उपयोग होतो असं नाही, नंतरच्या अभ्यासांचे निकालही मिश्र आहेत, पण आपण आपलं शरीर म्हणून जे अनुभवतो ते मेंदूने बनवलेलं चित्र असतं हे इतक्या साध्या वस्तूने दुसऱ्या कोणी दाखवलेलं मी तरी बघितलं नाही.

प्रश्न: एवढी मोठी लेक्चर्स कोण ऐकणार? अठरा मिनिटांचे टेड टॉक्स पुरे नाहीत का?

गोडी लागायला पुरेत. टेडने २००६ पासून टॉक्स ऑनलाइन टाकले आणि जगभर लाखो लोक सायन्स ऐकायला लागले, ह्याचं श्रेय त्यांना द्यायलाच पाहिजे. पण अठरा मिनिटांत निकाल मावतो, तो निकाल कसा निघाला ते बरेचदा मावत नाही. कोणावर प्रयोग केला, किती जणांवर केला, दुसऱ्या कोणी तोच करून बघितला का, हे सगळं कापलं जातं आणि उरतं ते एक चकचकीत वाक्य. आणि मग तेच वाक्य मोटिव्हेशनल स्पीकरकडे जातं, तिथून कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये जातं, तिथून शाळेच्या पालकसभेत.

अजून एक, टेड आणि टेडेक्स वेगळे आहेत. टेडेक्स म्हणजे लायसन्स घेऊन स्थानिक लोकांनी भरवलेला कार्यक्रम, स्पीकर तेच निवडतात. तिथे इतकं काय काय शिरायला लागलं की २०१२ च्या डिसेंबरमध्ये टेडलाच आयोजकांना पत्र लिहून खोटं सायन्स कसं ओळखायचं ते सांगावं लागलं. टेडची लाल अक्षरं दिसली म्हणून लगेच विश्वास ठेवू नका.

प्रश्न: इंटरव्ह्यूच्या आधी दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून उभं राहिलं की कॉन्फिडन्स वाढतो ना? ते हार्मोन्सचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, विशेषतः प्लेसमेंटच्या सीझनला. ही गोष्ट सविस्तर सांगते कारण टॉक आणि सायन्स ह्यातलं अंतर हिच्यात स्वच्छ दिसतं.

२०१० मध्ये डॅना कार्नी, एमी कडी आणि अँडी यॅप ह्यांचा पेपर आला, प्रयोगात ४२ जण होते. रुबाबात उभं राहिल्यावर टेस्टोस्टेरॉन वाढतं, कॉर्टिसोल कमी होतं आणि माणूस जास्त धोका पत्करतो असा निकाल. २०१२ मध्ये कडीचा टेड टॉक आला आणि तो सगळ्यात जास्त बघितल्या गेलेल्या टॉक्समध्ये जाऊन बसला. मग २०१५ मध्ये दुसऱ्या टीमने हाच प्रयोग २०० जणांवर केला. लोकांनी आपल्याला थोडं पॉवरफुल वाटलं असं सांगितलं, पण हार्मोन्समध्ये काही फरक नाही, वागण्यातही नाही. आणि २०१६ मध्ये डॅना कार्नी, म्हणजे मूळ पेपरवर पहिलं नाव जिचं होतं ती, हा इफेक्ट खरा आहे असं मला आता वाटत नाही असं तिने जाहीर लिहून टाकलं. कडीने नंतरही आपली बाजू मांडली, तिचा भर आता त्या 'बरं वाटण्यावर' जास्त आहे.

तर उभं राहून बरं वाटत असेल तर खुशाल राहा, त्यात तोटा काही नाही. पण शरीराची केमिस्ट्री बदलते हे सांगू नका कोणाला. कार्नीबद्दल मला मनापासून आदर आहे, स्वतःच्या गाजलेल्या कामाबद्दल असं लिहायला फार हिंमत लागते. टॉक मात्र अजून तसाच फिरतोय.

प्रश्न: मुलाने मार्शमेलो खाल्लं तर तो पुढे आयुष्यात मागे पडतो, असं पालकसभेत सांगितलं. टेन्शन घेऊ का?

अजिबात नको. मूळ प्रयोग वॉल्टर मिशेलचे, स्टॅनफर्डच्या आवारातल्या बालवाडीत, साठच्या दशकाच्या शेवटापासून. समोर एक खाऊ, थांबलास तर दोन मिळतील. पुढे काही वर्षांनी बघितलं तर थांबलेल्या मुलांना परीक्षेत मार्क जास्त होते. पण ती मुलं बहुतेक युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांची, आणि संख्येनेही थोडी. २०१८ मध्ये नऊशेवर मुलांचा डेटा घेऊन परत बघितलं, त्यात कितीतरी मुलांच्या आया कॉलेजात गेलेल्या नव्हत्या, तेव्हा संबंध निम्म्यावर आला आणि घरची परिस्थिती वगैरे हिशोबात धरल्यावर तर फारच थोडा उरला.

मला ह्याच्याहून जास्त आवडलेला प्रयोग २०१३ चा आहे, रॉचेस्टर युनिव्हर्सिटीतला, मुलं फक्त २८. आधी मोठ्या माणसाने मुलाला चांगले खडू आणून देतो असं सांगितलं. निम्म्या मुलांना खरंच आणून दिले, निम्म्यांना नाहीत म्हणून सांगितलं. मग मार्शमेलो. शब्द पाळलेल्या गटातली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, फसवलेली तीन मिनिटं. म्हणजे जे पोर थांबत नाही त्याने कदाचित समोरच्या मोठ्या माणसाचा अंदाज बरोबर घेतलेला असतो. ज्या घरात उद्याचा भरवसा नाही तिथल्या मुलाने आज हातात आलेलं खाल्लं तर तो त्याच्या स्वभावाचा दोष कसा म्हणायचा? पालकसभेत खरं तर हे सांगायला पाहिजे.

प्रश्न: तुरुंगाचा प्रयोग, शॉक देण्याचा प्रयोग, हे ऐकून वाटतं माणूस मुळातच वाईट आहे. खरंय का?

स्टॅनफर्डचा तुरुंग, ऑगस्ट १९७१, फिलिप झिम्बार्डो. खोटा तुरुंग, कॉलेजातली काही पोरं गार्ड आणि काही कैदी. दोन आठवड्यांचा प्लॅन, सहा दिवसांत गुंडाळला, कारण गार्ड झालेली पोरं क्रूर झाली. टॉक्समध्ये असं सांगतात की नुसता युनिफॉर्म दिला आणि हे आपोआप घडलं. पण जुन्या टेप्स आणि कागदपत्रं तपासल्यावर २०१८-१९ मध्ये पुढे आलं की गार्ड्सना कसं वागायचं ह्याच्या सूचना होत्या आणि एका नरम गार्डला कडक हो म्हणून गळ घातलेली आहे. त्यामुळे ह्या प्रयोगावरून माणसाच्या स्वभावाबद्दल काही ठरवू नये असं माझं ठाम मत आहे.

स्टॅनली मिलग्रॅमचं वेगळं. १९६१ मध्ये येल युनिव्हर्सिटीत सुरू केलेले प्रयोग, हुकूम देणारा सांगेल तसे दुसऱ्या माणसाला वाढत्या व्होल्टचे शॉक द्यायचे, गाजलेल्या प्रकारात ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले, शॉक खोटे होते पण त्यांना ते माहीत नव्हतं. ह्याच्यावरही टीका आहे, पण हा बराच टिकलाय, २००९ मध्ये १५० व्होल्टपर्यंतच नेऊन परत केला तेव्हाही निकाल साधारण तसाच आला. फक्त टॉकमध्ये ६५ टक्क्यांचा एकच आकडा सांगतात आणि मिलग्रॅमने परिस्थिती बदलून बदलून पुष्कळ प्रकार केले होते ते सांगत नाहीत. हुकूम देणारा खोलीत नसून फोनवर असेल तर पाचातला एखादाच शेवटपर्यंत जातो. आणि शेजारी बसलेले दोघं नाही म्हणाले की हा पण बहुतेक वेळा नाही म्हणतो. तोच माणूस, तीच खुर्ची. मला तर ह्यातून माणूस वाईट आहे हे दिसत नाही, त्याला नाही म्हणायला कोणाची तरी सोबत लागते हे दिसतं, आणि ऑफिसात वरून काही चुकीचं करायला सांगितलं जातं तेव्हा हे माहीत असणं फार उपयोगाचं आहे.

प्रश्न: आपण मेंदूचा फक्त दहा टक्के वापर करतो ना?

नाही. मेंदू वजनाने शरीराच्या साधारण २ टक्के आणि खातो जवळजवळ २० टक्के ऊर्जा, वापरात नसलेला अवयव एवढं खात बसला असता तर उत्क्रांतीत टिकलाच नसता. स्कॅनमध्ये सगळे भाग कधी ना कधी कामात दिसतात. मेंदूत सरासरी ८६ अब्ज न्यूरॉन्स, म्हणजे चेतापेशी, असतात, ही मोजणी ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हौझेल आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये केली.

प्रश्न: मी राइट ब्रेनवाली आहे, म्हणून गणित जमत नाही. बरोबर?

नाही. ही समजूत ज्याच्या कामावरून पसरली त्या रॉजर स्पेरीला १९८१ चं नोबेल मिळालं ते ज्यांच्या मेंदूच्या दोन भागांमधला जोड कापलेला होता अशा पेशंट्सवरच्या कामाला. तुमचा तो जोड शाबूत आहे. २०१३ मध्ये हजारावर लोकांचे स्कॅन तपासले, लेफ्टवाले आणि राइटवाले असे माणसांचे प्रकार काही सापडले नाहीत. गणित परत सुरू करा.

प्रश्न: डोपामीन डिटॉक्स करू का?

फोनपासून दोन दिवस लांब राहायचं असेल तर जरूर राहा, छान वाटतं. पण डोपामीन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन आहे, शरीरात साचलेलं विष नाही की उपास करून बाहेर काढलं. ते नसेल तर साधं हलताही येत नाही, पार्किन्सन्समध्ये डोपामीन बनवणाऱ्या पेशीच मरत जातात. वुल्फ्रम शुल्ट्झने माकडांवर केलेले प्रयोग बघा: आधी ज्यूसचा थेंब मिळाला की डोपामीनच्या पेशी पेटायच्या, मग दिवा लागला की ज्यूस मिळतो हे माकड शिकलं तेव्हा त्या दिव्यालाच पेटायला लागल्या, ज्यूसला नाही, आणि दिवा लागून ज्यूस आलाच नाही तर एकदम शांत. म्हणजे सुखापेक्षा अपेक्षेशी ह्याचा संबंध जास्त आहे. नोटिफिकेशन वाजल्यावर हात का जातो ते ह्यातून थोडं कळतं, आत मेसेज काय आहे ते तर अजून बघितलेलंही नसतं.

प्रश्न: क्वांटम फिजिक्सने सिद्ध केलंय ना की आपण बघितल्याने, विचार केल्याने जग बदलतं?

हे नीट वाचा, कारण ह्या एका गोष्टीवर कितीतरी लोक महागडी शिबिरं घेतायत आणि आपली माणसं तिथे पैसे घालवतायत, आणि मला त्याचा खरंच त्रास होतो.

प्रयोग खरा आहे. इलेक्ट्रॉन एक एक करून दोन फटींकडे सोडले तर पडद्यावर लाटांसारखे पट्टे उमटतात, पण इलेक्ट्रॉन कुठल्या फटीतून गेला हे मोजायला गेलं की पट्टे जातात. ह्याला फिजिक्सवाले ऑब्झर्वेशन म्हणतात आणि टॉकमध्ये तिथे डोळ्याचं चित्र दाखवतात, आणि तिथेच घोळ होतो. फिजिक्समध्ये बघणं म्हणजे कोणत्यातरी दुसऱ्या गोष्टीशी असा संबंध येणं की त्यातून कुठली फट ते कळू शकेल. मन, डोळा, इच्छा, काही लागत नाही.

हे कसं कळलं? व्हिएन्नात अँटोन झायलिंगरच्या टीमने १९९९ मध्ये साठ कार्बन अणूंचे आख्खे रेणू घेऊन असे पट्टे मिळवले. मग २००४ मध्ये त्याच टीमने सत्तर कार्बनवाले रेणू लेझरने तापवले. तापलेली वस्तू प्रकाश बाहेर टाकते, आणि त्या प्रकाशातून रेणू कुठे होता ह्याची माहिती बाहेर पडते. जसजसे रेणू जास्त गरम तसतसे पट्टे पुसट होत होत गेले. तो प्रकाश कोणी बघत नव्हतं, टिपायला काही लावलेलंही नव्हतं. नुसती माहिती बाहेर पडली आणि पट्टे गेले. एवढं स्वच्छ उत्तर असताना 'तुमचं मन विश्व घडवतं' हे फिजिक्सच्या नावावर खपवणं चूक आहे. मन खंबीर ठेवल्याने आयुष्यात फरक पडतो हे मी नाकारत नाही, पण त्याला इलेक्ट्रॉनची साक्ष लागत नाही.

मोजमापाच्या वेळी नेमकं काय होतं ह्यावर फिजिक्समध्ये अजून वाद आहेत हेही खरं, फाइनमननेच सहाव्या व्याख्यानात सांगितलंय की क्वांटम मेकॅनिक्स कोणालाच कळलेलं नाही. पण वाद आहे म्हणून कोणीही काहीही म्हणावं असं होत नाही, कारण त्याच क्वांटमवर तुमच्या फोनमधली चिप चालते आणि तिथली गणितं कमालीची अचूक जुळतात.

प्रश्न: पण रॉजर पेनरोझ तर नोबेलवाला आहे आणि तोच म्हणतो की चेतना क्वांटम आहे!

म्हणतो. स्टुअर्ट हॅमरॉफ नावाच्या भूलतज्ज्ञाबरोबर त्याने मांडलंय की न्यूरॉन्सच्या आतल्या बारीक नळ्यांमध्ये क्वांटम घडामोडी होतात आणि तिथे चेतना येते. पण पेनरोझला २०२० चं नोबेल मिळालं ते ब्लॅक होल्सच्या गणितासाठी, ज्या १९६५ च्या कामात आपल्या अमलकुमार रायचौधुरींचं समीकरण कळीचं आहे. चेतनेसाठी नाही. मॅक्स टेगमार्कने २००० मध्ये हिशोब मांडला की मेंदूसारख्या उबदार, ओल्या जागी अशी नाजूक क्वांटम अवस्था सेकंदाच्या फार म्हणजे फारच छोट्या भागात मोडते, न्यूरॉनचं काम त्यापेक्षा कितीतरी हळू चालतं. हॅमरॉफच्या बाजूने उत्तर आलं, वाद चालू आहे, बहुतेक न्यूरोसायंटिस्टना मात्र ही कल्पना पटलेली नाही. पेनरोझला ऐकाच, तो विचार करायला लावतो, फक्त एका विषयातलं नोबेल दुसऱ्या विषयात पुरावा म्हणून चालत नाही.

हेच माझ्या लाडक्या रामचंद्रनलाही लागू आहे. मिरर न्यूरॉन्स, म्हणजे स्वतः एखादी हालचाल करताना आणि दुसऱ्याला तीच करताना बघूनही पेटणाऱ्या पेशी, इटलीतल्या पार्मात माकडांच्या मेंदूत सापडल्या, ते खरं. त्याने मात्र त्याच्यावरून सहानुभूती, भाषा, संस्कृती, सगळ्याची किल्ली सापडली असं स्टेजवर सांगितलं, आणि ऑटिझम म्हणजे मिरर न्यूरॉन्सचा बिघाड ही कल्पनाही उचलून धरली. ती कल्पना पुराव्यांत टिकली नाही. ऑटिझम असलेल्या मुलांच्या आईवडिलांनी हे माहीत करून घेतलेलं बरं.

प्रश्न: आपण काही ठरवण्याआधीच मेंदूने ठरवलेलं असतं, मग फ्री विल नाहीच?

हे बेंजामिन लिबेटच्या १९८३ च्या प्रयोगावरून येतं. वाटेल तेव्हा मनगट हलवा आणि हलवावंसं वाटलं त्या क्षणी घड्याळातला ठिपका कुठे होता ते सांगा. मेंदूतला सिग्नल हालचालीच्या अर्धा सेकंदाहून थोडा जास्त आधीपासून चढत होता, आणि 'मला वाटलं' तो क्षण मात्र फक्त सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढा आधी. झालं, टॉकवाल्यांनी जाहीर केलं की मेंदू आधी ठरवतो.

२०१२ मध्ये आरॉन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी ह्याचा वेगळा अर्थ लावला. मेंदूतली हालचाल तशीही सतत वरखाली होत असते, 'कधीही हलव' एवढंच सांगितलं असेल तर ती ज्या क्षणी एका पातळीवर जाते तेव्हा हात हलतो, आणि आपण हात हलल्यापासून मागे जाऊन सरासरी काढतो म्हणून ती चढण आधीच घेतलेल्या निर्णयासारखी दिसते. म्हणजे लिबेटच्या प्रयोगावरून तरी फ्री विल निकालात निघत नाही. सापोल्स्की म्हणतो फ्री विल नाहीच, पण त्याचं कारण लिबेट नाहीये, ती वर सांगितलेली मागे मागे जाणारी साखळी आहे. दुसऱ्या बाजूला फिलॉसॉफर डॅनियल डेनेट म्हणायचा की कारणांची साखळी असली तरी जबाबदारी घेण्याजोगं स्वातंत्र्य उरतंच. दोघांनाही ऐका. मी डेनेटकडे झुकते, कारण रोज कोणाला तरी माफ करायचं की जाब विचारायचा हे आपण ठरवतोच की.

प्रश्न: चेतनेचं कोडं सुटलं का शेवटी?

नाही. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या टूसॉनमधल्या परिषदेत डेव्हिड चाल्मर्स नावाच्या तरुण फिलॉसॉफरने भाषण केलं आणि प्रश्नाचे दोन भाग केले. मेंदू माहिती कशी हाताळतो, लक्ष कसं देतो, हे अवघड असलं तरी सुटेल, पण हे सगळं होताना आतून 'काहीतरी जाणवतं' ते का, हा खरा कठीण प्रश्न. १९९८ मध्ये न्यूरोसायंटिस्ट क्रिस्टॉफ कॉखने त्याच्याशी पैज लावली की पंचवीस वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण स्पष्ट सापडेल. २०२३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला कॉखने हार मान्य केली आणि चाल्मर्सला वाइनच्या बाटल्या दिल्या. तेव्हा कोणी शिबिरात 'सायन्सला चेतना कळली' असं सांगितलं तर सरळ ही पैज सांगा.

प्रश्न: म्हणजे सगळंच खोटं? मग ऐकायचंच कशाला?

असं नका करू. हा निष्कर्ष काढून लोक एकदम परत व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डकडे जातात. २०१५ मध्ये शंभर मानसशास्त्रीय प्रयोग परत करून बघितले, त्यातले ३६ टक्केच पहिल्यासारखे ठळक आले, आणि हे शोधून जाहीर कोणी केलं तर मानसशास्त्रज्ञांनीच. कुठल्या बुवाने आपले दावे असे शंभर वेळा परत तपासून निकाल छापल्याचं मला तरी माहीत नाही. आणि पक्कं असंही पुष्कळ आहे: आठवण व्हिडिओसारखी साठत नाही आणि प्रश्न कसा विचारला त्यावर बदलते, झोप मोडली की शिकलेलं नीट बसत नाही, आदल्या रात्री घोकण्यापेक्षा दिवस सोडून उजळणी केली की जास्त लक्षात राहतं. हे शेकडो वेळा तपासलेलं आहे, फक्त ह्यावर टाळ्या कमी पडतात.

प्रश्न: डिप्रेशनसाठी कुठला टॉक ऐकू?

टॉक नको, माणूस गाठा. डॉक्टरकडे जा, किंवा सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, दिवसरात्र चालते, मराठीतही बोलता येतं.

प्रश्न: इंग्रजी फास्ट असतं, कळत नाही. मराठीत?

सबटायटल्स लावा आणि स्पीड ०.७५ करा, दोनतीन टॉक्सनंतर कान सरावतो. मराठीत जयंत नारळीकरांची व्याख्यानं ऑनलाइन आहेत, शांत आवाजात, एकही वाक्य वाया नाही. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हेच काम करतेय, मुंबईत चुनाभट्टीला त्यांचं विज्ञान भवन आहे, तिथले कार्यक्रम बघत राहा. मनाच्या विषयावर मराठीत अजून खूप कमी आहे, जे आहे त्यात सल्ला जास्त आणि प्रयोग कमी, ही उणीव कोणीतरी भरून काढायला हवी असं मला फार वाटतं.

प्रश्न: समोर बसून ऐकायचंय, मुलांनाही न्यायचंय. कुठे?

मुंबईत टीआयएफआरचा, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चचा, 'चाय अँड व्हाय' हा कार्यक्रम २००९ पासून चालतो, रविवारी सकाळी, जुहूचं पृथ्वी थिएटर किंवा माटुंग्याचं रुपारेल कॉलेज. शास्त्रज्ञ समोर उभा असतो आणि मध्येच प्रश्न विचारलेला चालतो. तारीख आणि जागा मात्र आधी बघून निघा. पुण्यात आयुका ह्या खगोलशास्त्राच्या संस्थेची दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं खास शाळेतल्या मुलांसाठी असतात. गोव्यात पणजीला डी. डी. कोसंबी विचार महोत्सव होतो, विषय सायन्सपुरते नसतात पण ऐकण्यासारखी माणसं येतात.

मूल प्रश्न विचारायला लाजत असेल तर घरून कागदावर लिहून न्या. नारळीकरांकडे मुलं सही मागायला यायची तेव्हा ते सांगायचे की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही असेल.

आणि २८ फेब्रुवारी, विज्ञान दिन, चुकवू नका. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीची ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची दुर्बीण आहे, तिथे त्या सुमारास प्रदर्शन असतं आणि आजूबाजूच्या शाळांची मुलं आपापले प्रयोग मांडतात. मोठ्यांनी पण त्या मुलांना विचारा हे कसं केलंस म्हणून, फार छान समजावून सांगतात. ऊन असतं, टोपी आणि पाणी घेऊन जा, आणि सकाळीच पोचा, दुपारनंतर गर्दी खूप होते.